हा टॅब का उघडला होता?

पानशेतच्या पुरावर एक मोठा लेख लिहायला घेतला होता. १२ जुलै १९६१, बुधवार. आधी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं, एवढं पुण्यात वाढलेल्या माणसाला घरातच ऐकून माहीत असतं. मला त्याच्या पुढचं हवं होतं. पाणी कोणत्या पेठेत किती वाजता पोचलं, खडकवासला मुळात बांधलं कधी, चौकशी आयोगाचं पुढे काय झालं, पूरग्रस्तांना घरं कुठे मिळाली. चौथ्या दिवशी रात्री ब्राउझरच्या वरच्या पट्टीकडे लक्ष गेलं. ६३ टॅब उघडे होते. प्रत्येक टॅब इतका आकसला होता की नावाची पहिली दोन अक्षरंच दिसत होती. ‘पान…’, ‘पान…’, ‘पान…’. एकाच वर्तमानपत्राचं चिन्ह सहा-सहा ठिकाणी. मला त्यातला एकच टॅब हवा होता, लकडी पुलाजवळच्या एका वाड्यातली आठवण सांगणारा. तो शोधण्यात चाळीस मिनिटं गेली, आणि सापडला तेव्हा त्यातली नेमकी कोणती ओळ मला हवी होती तेच आठवेना.

त्या रात्रीनंतर मी कामाची पद्धत बदलली. पुढच्या बऱ्याच लेखांमध्ये ती टिकली, म्हणून इथे सविस्तर सांगते. संशोधन म्हटलं की पीएच.डी. डोळ्यांपुढे येते, पण आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची माहिती काढणं, मुलीसाठी कॉलेज निवडणं, गावाकडच्या जमिनीचा फेरफार कसा नोंदवतात ते समजून घेणं, हेही संशोधनच. टॅब तिथेही असेच साठतात.

साठतात कारण मिटवायची भीती वाटते. २०२१ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी, माणसं इतके टॅब का उघडे ठेवतात, यावर एक शोधनिबंध मांडला. त्यात लोकांनी जे सांगितलं ते वाचताना माझ्याच मनातलं कोणीतरी बोलतंय असं वाटलं. टॅब मिटला की ती गोष्ट कायमची हातची जाईल, डोळ्यांआड झालं की संपलं, ही धास्ती. आणि हीच माणसं टॅबांच्या गर्दीने गांजलेलीही होती.

ही भीती खोटी नाही. म्हणून ‘टॅब कमी उघडत जा’ हा सल्ला कोणाच्याच कामाचा नाही. शोध घेताना टॅब उघडणारच; एका पानावरून चार दुवे फुटणारच. पाहायला हवं ते वेगळंच. एक टॅब एकाच वेळी तीन कामं अंगावर घेऊन बसलेला असतो. आत्ता वाचायचं पान म्हणून तो असतो, नंतर काहीतरी करायचंय याची आठवण म्हणून असतो, आणि जपून ठेवायचा पुरावा म्हणूनही असतो. वाचायचं पान म्हणून तो उत्तम. आठवण म्हणून कुचकामी, कारण तो का उघडला हे त्याच्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि पुरावा म्हणून तर त्याच्यावर मुळीच भिस्त ठेवू नये. त्याचा अनुभव पुढे सांगते.

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम तिथे १९४८ पासून चालू आहे. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे खणाखणांत लावून ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या ओळीत आला ती ओळ आणि ग्रंथातला ठावठिकाणा. चिठ्ठी झाली की ग्रंथ जागेवर परत. दीड हजार ग्रंथ टेबलावर उघडे ठेवून कोणी कोश करू शकलं नसतं. आपला टॅब म्हणजे तो उघडा ग्रंथ. चिठ्ठी लिहायची आणि ग्रंथ मिटायचा, हे मी त्या कामाकडे पाहून उचललं, आणि या लेखात बाकी जे काही आहे ते त्याच्या सोयीसाठी आहे.

विषय नको, प्रश्न लिहा

शोधायला बसण्याआधी एक कोरा तक्ता उघडा. गुगल शीट्स, एक्सेल, काहीही चालेल. संगणकावर तक्ता करायचा कंटाळा असेल तर शंभर पानी वहीत पट्टीने रेघा मारा. माझे एक ज्येष्ठ मित्र आजही तसंच करतात आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा नेटकं असतं.

तक्त्याच्या सुरुवातीला प्रश्न लिहा. ‘पानशेतचा पूर’ हा विषय झाला. विषयाला अंत नसतो, त्यामुळे त्याच्याशी संबंध असलेला प्रत्येक टॅब ठेवून द्यावासा वाटतो. ‘खडकवासला धरण पहिल्यांदा कधी बांधून झालं?’ हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर सापडलं की त्याच्यापायी उघडलेले सगळे टॅब एकदम मिटतात. माझे सुरुवातीचे प्रश्न पाचच होते: धरणाचं साल, पाणी पोचल्याच्या वेळा, मृतांचा आकडा, आयोग, पुनर्वसन. पुढे दोन वाढले. सातच्या वर गेले तर समजावं की लेख एक नाही, दोन आहेत.

प्रश्नांच्या खाली चिठ्ठ्या, म्हणजे तक्त्यातल्या ओळी. एका ओळीत मी सहा रकाने ठेवते. प्रश्न कोणता, स्रोत कोणता, तो कोणत्या सालचा, त्यात काय सापडलं, दुवा आणि पान क्रमांक, आणि आता पुढे काय. त्यातली एक ओळ जशीच्या तशी सांगते. प्रश्न: धरणाचं साल. स्रोत: मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, खंड १८, पुणे. साल: १८८५. सापडलं: खडकवासल्याचा तलाव या पुस्तकात ‘लेक फाइफ’ या नावाने आहे. मग दुवा आणि पान. पुढे काय: ‘लेक फाइफ’ आणि ‘मुठा कालवे’ या नावांनी पुन्हा शोधणे.

ही ओळ लिहायला दीड मिनिट लागलं. पण तिने मला पुढची वाट दाखवली. तोवर मी ‘खडकवासला’ हाच शब्द घालून शोधत होते आणि इंग्रजांच्या काळातलं काहीच हाती लागत नव्हतं. टॅब नुसता उघडा ठेवला असता तर ‘लेक फाइफ’ हे नाव वाचून डोळ्यांखालून गेलं असतं. पुरानंतर खडकवासला पुन्हा बांधलं गेलं, त्यामुळे इंटरनेटवर काही ठिकाणी पुनर्बांधणीचं सालच धरणाचं साल म्हणून दिलेलं आढळतं. ही दोन सालं वेगळी काढता आली तीही जुन्या पुस्तकाची ती ओळ तक्त्यात होती म्हणून.

सालाचा रकाना टाळू नका. माझ्या ६३ टॅबांमध्ये पुणे जिल्ह्याचं नंतरचं गॅझेटिअर पहिल्या दिवसापासून उघडं होतं. गॅझेटिअर म्हणजे भरवशाचं, म्हणून त्याला हात लावत नव्हते. चिठ्ठी करायला घेतली, सालाच्या रकान्यात १९५४ लिहिलं, आणि हात तिथेच थांबला. १९६१ चा पूर १९५४ च्या पुस्तकात कुठून असणार? तो टॅब त्याच क्षणी मिटला.

आधीच साठलेला ढीग

तुमच्याकडे आत्ता चाळीस-पन्नास टॅब उघडे असतील तर आवरायला बसण्याआधी मनातली धास्ती घालवा. कंट्रोल, शिफ्ट आणि डी या कळा एकदम दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींमध्ये त्या खिडकीतले सगळे टॅब बुकमार्क म्हणून एका फोल्डरमध्ये जमा होतात. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. फोल्डरला तारखेचं नाव द्या. झालं, आता काही हरवणार नाही. हा फोल्डर पुन्हा उघडायची वेळ फार क्वचित येते, पण तो आहे या जाणिवेने हात मोकळा होतो.

मग डावीकडून सुरुवात करा, म्हणजे सहसा सर्वांत जुन्या टॅबापासून. प्रत्येकाला विचारायचं एवढंच: तू माझ्या कोणत्या प्रश्नाचा? कोणत्याच नाही, तर मिटा. एखाद्याचा असेल तर चिठ्ठी लिहा आणि मिटा. नीट बसून वाचायला लागणार असेल तरच ठेवा, आणि असे सातापेक्षा जास्त ठेवू नका.

माझ्या ६३ मधले ९ टॅब म्हणजे नुसती गुगलच्या निकालांची पानं होती. निकालांचं पान जपण्यात अर्थ नसतो. कोणते शब्द घालून शोधलं ते तक्त्यात लिहिलं की पुरतं. आणि ते लिहावंच, नाहीतर आठवड्याने तेच शब्द पुन्हा घालून तीच पानं पुन्हा उघडली जातात. ६ टॅब दुबार होते. १७ टॅबांचा लेखाशी संबंधच नव्हता. वाचता वाचता कुठेतरी भरकटून उघडलेले. त्यातले दोन खरोखर सुंदर होते, ते ‘कधीतरी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुढच्या १४ टॅबांवर. दर जुलैमध्ये वर्तमानपत्रं आणि संकेतस्थळं पानशेतची आठवण जागवतात. ते लेख होते. एकामागून एक वाचताना लक्षात आलं की काही वाक्यं शब्दशः तीच आहेत. मृतांचा आकडा मात्र लेखागणिक वेगळा, आणि तो कुठून घेतला याचा उल्लेख बहुतेकांत नाही. मग मी ते लेख सालवार लावले. जे वाक्य सगळीकडे होतं ते सर्वांत आधी कोणत्या लेखात आलं ते पाहिलं, तेवढा एक ठेवला आणि बाकीच्यांची नावं त्याच ओळीत लिहून टाकली. चौदा टॅब उघडे होते तोवर मला वाटत होतं की माझ्याकडे चौदा पुरावे आहेत. प्रत्यक्षात ते दोन-तीनच होते. टॅब आवरण्याचा खरा लाभ मला इथे झाला. पट्टी मोकळी झाली हे ठीकच, पण कोण कोणाचं उतरवून घेतंय हे उघड झालं, आणि आकड्याबद्दल लेखात किती ठामपणे बोलायचं ते ठरवता आलं.

उरले १७. तेच खरे कामाचे.

ब्राउझरमध्ये काय काय आहे

टॅबांचे गट करण्याची सोय आता सगळीकडे आली आहे. क्रोममध्ये ती २०२० मध्ये आली, सफारीत २०२१ मध्ये, फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये. क्रोममध्ये टॅबवर राइट क्लिक केलं की गट करण्याचा पर्याय दिसतो. गटाला नाव देता येतं, रंग देता येतो, आणि नावावर क्लिक केलं की गट मिटून एका शब्दाएवढा होतो. रंग निवडण्यात वेळ घालवू नका. नाव मात्र विचार करून द्या, आणि ते तक्त्यातल्या प्रश्नाचंच असू द्या: ‘धरणाचं साल’, ‘वेळा’, ‘आयोग’. ‘महत्त्वाचे’ आणि ‘वाचायचे’ अशी नावं मी देऊन पाहिली आहेत. दोन दिवसांत सगळंच महत्त्वाचं होतं आणि सगळंच वाचायचं राहतं.

एका वेळी एकच गट उघडा ठेवायचा, बाकीचे मिटलेले. ‘आयोग’ या गटावर काम चालू असताना पुनर्वसनाबद्दलचा एखादा दुवा दिसला, तर कंट्रोल दाबून त्यावर क्लिक करा; तो मागच्या मागे उघडतो. मग तो ओढून त्याच्या गटात टाका आणि हातातलं वाचत राहा. ही सवय लागायला मला आठवडाभर लागला.

गटांपेक्षाही मराठी वाचकाला उपयोगी पडेल अशी एक सोय आहे, उभ्या टॅबांची. एजमध्ये ती २०२१ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२५ पासून. टॅब वरच्या पट्टीऐवजी डाव्या बाजूला एकाखाली एक लागतात आणि प्रत्येकाचं जवळजवळ पूर्ण नाव वाचता येतं. मराठी लेखांची शीर्षकं बहुधा विषयाच्या नावानेच सुरू होतात, म्हणून वरच्या पट्टीत सगळे टॅब सारखेच दिसतात. ‘पान…’चा माझा गोंधळ उभ्या रांगेने मिटवला. ज्यांचा स्क्रीन रुंद आहे त्यांनी आजच करून पाहावं.

टॅब शोधायला डोळे शिणवू नका. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबलं की उघड्या टॅबांत शोधता येतं. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह घालून जागा सोडा आणि शब्द लिहा. चुकून मिटलेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत येतो. पुन्हा दाबलं तर त्याच्या आधीचा. ही एक कळजोडी पाठ असली तरी टॅब मिटवायची अर्धी भीती जाते.

पिन करून कायमचा डावीकडे ठेवायचा टॅब एकच: तक्ता. बँक, ईमेल, व्हॉट्सॲप यांना वेगळी खिडकी द्या, म्हणजे शोधाच्या खिडकीत फक्त शोध राहील. दोन वृत्तान्त ताडून पाहायचे असतील तर सारखं इकडून तिकडे उड्या मारू नका. एक टॅब पट्टीवरून खाली ओढला की त्याची स्वतंत्र खिडकी होते. मग विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि डावा किंवा उजवा बाण दाबून दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावा. पाण्याच्या वेळा मी अशाच ताडून पाहिल्या. एका आठवणीत सकाळ होती, दुसरीत दुपार. समोरासमोर ठेवल्यावर कळलं की एक माणूस नदीकाठचा होता आणि दुसरा बराच आतल्या पेठेतला. दोघंही खरं सांगत होते.

खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत, संशोधन करू नका. ती मिटली की मागे काहीच उरत नाही.

मराठीत शोधताना

इंग्रजीतून शोधणाऱ्यांना न पडणारे काही पेच आपल्याला पडतात, आणि त्यांच्यामुळे टॅब विनाकारण वाढतात.

एक म्हणजे नावांची रूपं. पुणे आणि पूना, मुठा आणि मुळा-मुठा, पानशेत धरण आणि तानाजीसागर. प्रत्येक रूप देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये एकदा घालावं लागतं. ही रूपं सुचतील तशी घालत बसलात तर कोणती झाली आणि कोणती राहिली ते कळत नाही. तक्त्याच्या दुसऱ्या पानावर रूपांची यादी करा आणि शोधून झाल्यावर खूण करा.

दुसरं, युनिकोड रुळण्याआधी बऱ्याच मराठी संकेतस्थळांवर आणि पीडीएफमध्ये स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरलेले होते. अशा पानावर डोळ्यांना मराठी दिसतं, पण कंट्रोल आणि एफ दाबून शब्द शोधला तर सापडत नाही. गुगललाही तो सापडत नाही. पान उघडल्या उघडल्या एक ओळ निवडून तक्त्यात चिकटवून पाहा. इंग्रजी अक्षरांचं कडबोळं उमटलं तर ते पान जुन्या फॉन्टातलं आहे असं समजा, आणि लागणारा मजकूर तेव्हाच हाताने टाइप करून घ्या. ‘नंतर शोधू’ म्हणून ठेवलेला असा टॅब नंतर कधीच सापडत नाही. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींचंही तेच. त्यांच्या बाबतीत पान क्रमांक हाच एकमेव ठावठिकाणा, आणि तो पुस्तकावर छापलेला क्रमांक आहे की पीडीएफमधला, हेही लिहा. दोन्हींत दहा-बारा पानांचा फरक सहज असतो.

तिसरी गोष्ट मी चुकून शिकले. वेबपान प्रिंटच्या आज्ञेने पीडीएफ करून ठेवलं की दिसायला जसंच्या तसं येतं, पण त्यातला देवनागरी मजकूर पुन्हा कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरं पुष्कळदा विस्कटतात. म्हणून हवं ते वाक्य मूळ पानावरूनच तक्त्यात घ्या; पीडीएफ फक्त पुराव्यापुरती ठेवा. शिवाय क्रोममध्ये वाक्य निवडून राइट क्लिक केलं की त्या वाक्याचाच दुवा कॉपी करता येतो. तो उघडला की पान थेट त्या वाक्यावर येऊन थांबतं. देवनागरी वाक्याचा दुवा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला आणि हातभर लांब दिसतो. घाबरू नका, चालतो.

टॅब म्हणजे साठवण नव्हे

आता तो अनुभव. जुलैच्याच एका संध्याकाळी पावसात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी होती, तो जागीच बंद पडला. वीज आल्यावर ब्राउझरने सगळे टॅब परत आणले, कारण मागच्या वेळी जिथे होतो तिथूनच सुरू करायचं असं मी सेटिंगमध्ये ठरवून ठेवलं होतं. हे तुम्हीही करून ठेवा. पण एका डिजिटल ग्रंथालयातल्या जुन्या अहवालाचा टॅब कोरा आला. तिथे शोधून काढलेल्या पानाचा पत्ता त्या बैठकीपुरताच होता. बैठक संपली, पत्ता मेला. अहवालाचं पूर्ण नाव मी लिहिलं नव्हतं. तो पुन्हा शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

तेव्हापासून सरकारी संकेतस्थळ किंवा ग्रंथालयाचं पान असलं की मी आधी फाइल उतरवून घेते, मग वाचते. फाइलचं नाव लगेच बदलते: आधी साल, मग स्रोत, मग दोन शब्दांत मजकूर. ‘१९६१-वर्तमानपत्र-पहिलं पान’ असं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने पडलेली फाइल आणि हरवलेला टॅब यांत फारसा फरक नाही.

वेबपानांसाठी वेबॅक मशीन आहे. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने ते २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. मिटलेली, बदललेली पानं त्यात सापडतात हे अनेकांना ठाऊक असतं. आपण स्वतः एखादं पान त्यात जतन करू शकतो हे कमी जणांना ठाऊक असतं. पानाचा पत्ता तिथल्या जतन करण्याच्या चौकटीत घाला, थोडं थांबा, आणि मिळालेला नवा दुवा तक्त्यात मूळ दुव्याच्या शेजारी ठेवा. त्या दुव्यात जतन केल्याची तारीख आणि वेळही असते. लॉगिन केल्यावरच दिसणारी पानं मात्र त्यात जात नाहीत.

पुस्तक किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांनी झोटेरो घ्यावं. २००६ पासून आहे, मोफत आहे, आणि ब्राउझरमधलं त्याचं बटण दाबलं की लेखाचं नाव, लेखक, साल, दुवा हे सगळं नोंदलं जातं. एका लेखापुरतं काम असेल तर तक्ता पुरे. आणि कोणत्याही एका सेवेवर विसंबू नका. नंतर वाचायचे लेख साठवायला कित्येक जण वर्षानुवर्षं पॉकेट वापरत होते. जुलै २०२५ मध्ये ते बंद झालं. तुमच्या चिठ्ठ्या तुम्हाला साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येत नसतील तर ती सेवा कितीही देखणी असो, तिच्यावर मोठं काम उभारू नका.

संगणक मंदावतो म्हणूनही पुष्कळ जण टॅबांना कंटाळतात. क्रोम आणि एज बराच वेळ न पाहिलेले टॅब स्वतःहून झोपवतात, त्यामुळे मेमरी वाचते. मात्र झोपलेल्या टॅबवर परत गेलात की पान पुष्कळदा नव्याने उघडतं. अर्धवट भरलेला अर्ज असेल तर तो कोरा होऊ शकतो. अर्ज भरायला घेतला की पुरा करूनच दुसरीकडे वळा.

हातातला फोन

फोनवर टॅब दिसतच नाहीत, म्हणून तिथे ढीग अधिक मोठा होतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये शंभराच्या वर गेलं की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. तो कित्येकांच्या फोनवर कायमचा मुक्कामाला असतो. फोनवर शोधाचं काम करू नये असं मी म्हणणार नाही, अनेकांकडे फोनच आहे. पण फोनवर टॅब ठेवू नका. दुवा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याच्या खाली लगेच एक ओळ लिहा, हा कोणत्या प्रश्नाचा ते. ओळ न लिहिता पाठवलेला दुवा तिसऱ्या दिवशी अनोळखी वाटतो. रात्री ते दुवे तक्त्यात चढवायचे आणि फोनवरचे टॅब मिटायचे. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये एका दिवसाने, आठवड्याने किंवा महिन्याने टॅब आपोआप मिटतील असं ठरवता येतं. आठवडा ठेवा.

संगणकावरचं काम थांबवायच्या आधी मी दहा मिनिटं राखून ठेवते. उघडा असलेला गट पाहायचा, ज्याची चिठ्ठी राहिली ती लिहायची, टॅब मिटायचे. मग तक्त्याच्या तळाशी एक ओळ: ‘उद्या इथून’. पानशेतच्या तक्त्यात तिथे लिहिलंय, ‘उद्या इथून: बावडेकर चौकशी आयोगाची नेमणूक आणि न्यायमूर्ती बावडेकरांच्या मृत्यूनंतर नाईक आयोगाची नेमणूक, दोन्हींच्या तारखा मूळ कागदातून, गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीबद्दल ग्रंथालयात फोन’. त्याच्या वरच्या ओळीत लकडी पुलाजवळच्या त्या वाड्याची आठवण आहे, दुव्यासकट, आणि मला हवं असलेलं वाक्य त्याच्या शेजारच्या रकान्यात.